सटवाई पटकथा लिहिते तेव्हा

खंडेनवमीच्या संध्याकाळी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत खाली बघूनच चालावं लागतं. इथे त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. प्रत्येक वर्कशॉपच्या फाटकाशी कोहळा फोडलेला असतो. वरून भोक पाडून आत कुंकू कालवलेलं, चार नाणी टाकलेली, माथ्यावर कापूर. तीनदा ओवाळायचा आणि दाणकन डांबरावर आपटायचा. लाल पाणी, पांढरा गर आणि बिया रस्ताभर. नाणी पोरं पळवतात, गर तिथेच राहतो. आत लेथला, मिलिंगला, नव्या कोऱ्या सीएनसीला चंदनाचे पट्टे, झेंडूच्या माळा, पुढ्यात चुरमुरे आणि सुंडल. मायक्रोमीटरच्या डबीलासुद्धा कुंकवाचं बोट.

नोकरीच्या निमित्ताने मी इथे आलो तेव्हा याचं हसू यायचं. ज्या फोरमनशी वर्षभर दहा मायक्रॉनवरून हुज्जत घालायची, तोच आज स्पिंडलला हात जोडून उभा. एकदा विचारलंच, की यंत्राला देव मानता तर मोजता कशाला? तो म्हणाला, “सार, दहा मायक्रॉन माझ्या हातात आहेत. बाकीचं त्याच्या.” आणि कोहळ्याचा कापूर विझू नये म्हणून आडोसा धरायला गेला.

अंबत्तूरची ही वसाहत १९६४ची. त्याच्या आधीपासून, १९४९पासून, इथे सायकली तयार होतात. या गावाची सगळी भाकरी एका गृहीतावर चालते: छोटी चूक छोटीच राहते. टॉलरन्स म्हणजे दुसरं काय? शाफ्ट केसभर जाड झाला तर बेअरिंग जरा घट्ट बसेल, फार तर गरम होईल, पण सायकल चेन्नईऐवजी मदुराईला जाणार नाही. एडवर्ड लॉरेंझला १९६१मध्ये नेमका याच गृहीताला तडा गेलेला दिसला. एमआयटीतल्या आपल्या संगणकावर तो हवामानाचं एक गणिती प्रारूप चालवत होता. आधीच्या गणिताचा काही भाग पुन्हा पाहायचा म्हणून त्याने छापील कागदावरचा आकडा यंत्रात घातला, ०.५०६. यंत्राच्या पोटात तोच आकडा ०.५०६१२७ असा होता. जागा वाचवायला छपाईत तीनच स्थळं येत. लॉरेंझ कॉफी प्यायला गेला. तासाभराने परत येऊन बघतो तर दोन महिन्यांचं कृत्रिम हवामान कुठल्या कुठे गेलेलं. समीकरणं तीच, नियम तेच, कुठेही लहर नाही की चमत्कार नाही, तरी वेगळंच आभाळ. १९६३मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला. १९७२मध्ये व्याख्यानाला शीर्षक द्यायला त्याला वेळ झाला नाही, म्हणून फिलिप मेरिलीस या सहकाऱ्याने ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं चक्रीवादळ त्यात घालून दिलं. त्याआधी लॉरेंझ समुद्रपक्ष्याचं उदाहरण देत असे. तेच टिकलं असतं तर सिनेमावाल्यांचं पोस्टर जरा कमी सुंदर झालं असतं.

त्याच व्याख्यानात लॉरेंझने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सिनेमाने कानाआड केली. एका फडफडीने वादळ येऊ शकत असेल, तर तशाच एका फडफडीने ते टळूही शकतं. कुठलं फुलपाखरू काय करतं हे कुणालाच कळायचं नाही.

आता आपल्याकडची सटवाई घ्या. पाचवीच्या रात्री पाटा पुजून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपण तिची वाट पाहतो. ती येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तमिळमध्ये त्याला ‘तलैयेळुत्तु’ म्हणतात, डोक्यावरचं लिखाण. दैव आणि लॉरेंझला दिसलेलं केऑस या दोन्ही कल्पना सांगतात की जे घडतं ते आधीच्या कशाने तरी बांधलेलं आहे. फरक एवढाच, की दैवाच्या गोष्टीत कुणीतरी ते लिखाण वाचू शकतं आणि केऑसच्या गोष्टीत वाचणारा कुणी नाही. तमिळनाडूतल्या वैदीश्वरन कोयिलच्या नाडीपट्ट्यांसाठी पुण्यामुंबईची माणसं रेल्वेचं आरक्षण करतात, ती या वाचणाऱ्याच्या शोधात. याच वाचणाऱ्याची परीक्षा जयंत नारळीकरांनी २००८मध्ये घेतली. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या. हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती एवढंच ओळखायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त बरोबर आलेली उत्तरं चोवीस, आणि सरासरी १७.२५. नाणं उडवलं असतं तर वीस आली असती.

सिनेमाची अडचण इथेच सुरू होते. पटकथाकार हीच सटवाई असते. पहिल्या पानावर फुलपाखरू उडवताना शेवटच्या पानावरचं वादळ तिला ठाऊक असतं. त्यामुळे पडद्यावर ‘योगायोग’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा दैवच असतं, फक्त अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट. गेल्या पंचवीस वर्षांत तमिळ सिनेमाने हा कोट पुष्कळदा घातला. मराठी सिनेमाने जवळजवळ घातलाच नाही. आणि माझं मत असं झालंय, की त्यामुळेच काही वेळा तो त्या कल्पनेच्या अधिक जवळ गेला.

‘दशावतारम’ १३ जून २००८ला आला. मी तो अंबत्तूरच्या ओ.टी. भागातल्या थिएटरात पाहिला, शिट्ट्या आणि पेपरच्या तुकड्यांच्या पावसात. पहिली दहा मिनिटं संवाद ऐकूच आले नाहीत. लॉरेंझ त्याच वर्षी १६ एप्रिलला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेला होता. दोन महिन्यांचं हे अंतर मला बरेच दिवस अर्थपूर्ण वाटत होतं. माणसाचं मन अशा गाठी मारतच असतं. दिग्दर्शक के. एस. रविकुमार, कथा-पटकथेची धुरा आणि दहा भूमिका कमल हासनच्या. बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा कुलोत्तुंग चिदंबरमच्या गोविंदराजाची मूर्ती समुद्रात बुडवतो आणि तिला बांधलेला वैष्णव भक्त रंगराजन नंबीही तळाशी जातो. मूर्ती समुद्रात टाकल्याची परंपरा वैष्णवांत खरोखर आहे. नंबी मात्र पटकथेचा. तिथून गोष्ट उडी मारते ती २००४मध्ये. अमेरिकेतला शास्त्रज्ञ गोविंद जैविक अस्त्राची कुपी घेऊन पळतो, ती कुपी फिरत फिरत चिदंबरमच्याच एका मूर्तीत जाऊन बसते, आणि शेवटी २६ डिसेंबरच्या सकाळी किनाऱ्यावर त्सुनामी येते. त्या विषाणूवर उतारा मिठाचा. समुद्र तो स्वतःच घेऊन येतो. आठशे वर्षं तळाशी असलेली मूर्ती लाटेबरोबर वर येते.

आखणी दिमाखदार आहे, नाही म्हणता येत नाही. पण केऑसचं उदाहरण म्हणून तिने नेमकी चुकीची आपत्ती उचलली. त्या दिवशी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला तो आपल्या घड्याळाने सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी. लाट चेन्नईला पोचली ती दोन तासांहून अधिक वेळाने. भूकंप कधी होईल हे सांगता येत नाही हे खरं. पण एकदा समुद्रतळ हलला की कोणत्या किनाऱ्याला लाट किती वाजता लागेल हे मिनिटांच्या हिशोबात मांडता येतं. तिथे फुलपाखराला काही काम नाही. मरिनावर सकाळी फिरायला आलेली, क्रिकेट खेळणारी, मासळी उतरवणारी माणसं गेली ती गणित अशक्य होतं म्हणून नाही, हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती म्हणून. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातली. हैदराबादचं इशारा केंद्र ऑक्टोबर २००७मध्ये सुरू झालं, म्हणजे चित्रपट लागायच्या आठ महिने आधी. पडद्यावर इशाऱ्याच्या भोंग्याला जागा नव्हती. भोंगा आला की दैवही जातं आणि फुलपाखरूही. उरते ती फक्त हयगय, आणि हयगयीवर दशावतार उभे राहत नाहीत.

तरीही हा चित्रपट मला टाकून देता येत नाही. गोविंद नास्तिक, नायिका आंडाळ भाविक. लाट ओसरल्यावर ती म्हणते, देवानेच हे केलं. तो विचारतो, एक विषाणू मारायला देव इतकी माणसं मारतो का? आणि मग देव नाही असं न म्हणता, असता तर बरं झालं असतं एवढंच म्हणून थांबतो. पेरियारांच्या चळवळीच्या प्रदेशात, उघड नास्तिक असलेल्या नटाच्या तोंडी हे वाक्य येतं तेव्हा थिएटर दोन क्षण गप्प होतं. मी ती शांतता ऐकली आहे. अडीच-तीन तास सटवाईगिरी करून लेखकाने त्या एका क्षणी लेखणी खाली ठेवलेली असते.

दुसरा क्षण त्याहून मोठा आहे आणि तो कुणी फारसा काढत नाही. वाळूउपशाविरुद्ध लढणारा दलित कार्यकर्ता पूवरागन त्सुनामीत इतरांची मुलं वाचवताना मरतो. ती मुलं त्याच्या वैऱ्याच्या घरची. किनाऱ्यावरच्या त्याच्या प्रेताशी ब्राह्मण म्हातारी कृष्णवेणी येते. वेडसर आहे, मुलगा कधीचा गेलेला. ती या प्रेतालाच आपला मुलगा समजून कवटाळते. दोन्ही भूमिका कमल हासनच्याच, त्यामुळे रबरी मुखवटे डोळ्यांत भरतात. पण कल्पना बघा. जात मोडायला आधी समुद्राला यावं लागतं आणि वर म्हातारीची स्मृती जावी लागते. हे दैव नव्हे, न्यायही नव्हे; एका चुकीच्या ओळखीतून झालेला क्षणभराचा अपघात. चित्रपटभर फुलपाखराचा डंका वाजतो आणि खरी फडफड इथे, कुणाला न सांगता होते.

‘दशावतारम’च्या आधीपासून तमिळमध्ये हा खेळ चालू होता. २००१मध्ये छायालेखक जीवाने ‘१२बी’ केला. नायकाला बस मिळते आणि मिळत नाही, अशा दोन गोष्टी समांतर चालतात. बीज १९९८च्या ‘स्लायडिंग डोअर्स’चं. त्याच वर्षीच्या एका जर्मन चित्रपटात लोला वीस मिनिटांत एक लाख मार्क मिळवायला तीनदा धावली. या सगळ्यांचा मूळपुरुष पोलंडचा कीश्लोव्स्की. त्याचा ‘ब्लाइंड चान्स’ १९८१चा, पण सेन्सॉरने दाबून ठेवला तो १९८७पर्यंत. तरुण विटेक धावती गाडी पकडतो किंवा चुकवतो. एका आयुष्यात तो पक्षाचा माणूस होतो, दुसऱ्यात पक्षविरोधी, तिसऱ्यात नुसताच डॉक्टर. गाडी चुकण्याला तिथे राजकारणाचं वजन आहे. ‘१२बी’त ते वजन प्रेयसी कोण यापुरतं उरलं. बस मात्र खरी. चेन्नईत ज्याने कधी फुटबोर्डवर एक पाय टेकवून प्रवास केला आहे त्याला त्या दृश्यातली धडधड समजावून सांगावी लागत नाही.

रजनीकांतचा ‘बाबा’ (२००२) या रांगेत बसवायचा का, हा प्रश्नच आहे. बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, इथे हिमालयातल्या सिद्धाकडून सात मंत्र मिळवतो आणि त्यातला एक पतंग हातात यावा म्हणून खर्च करतो. पतंगाचा तो प्रसंग मला आवडतो. वरदान मिळालेल्या माणसाने पहिल्यांदा काय मागितलं, तर पोराटकी. पण श्रद्धेची हमी इतकी पक्की दिली की नाट्य मरतं. मागितलं आणि मिळालं यात संशयाला फट नाही, आणि संशयाला फट नसली की श्रद्धेला तरी काय काम? ‘मानाडु’ (२०२१) चलाख निघाला. तोच दिवस पुन्हापुन्हा जगणारा नायक मुसलमान आहे आणि त्याचा जन्म उज्जैनच्या काळभैरवाच्या देवळात झालेला आहे. व्यंकट प्रभूने कालचक्राच्या विज्ञानकथेला भैरवाचा उंबरा दिला आणि त्यातून दंगल टाळण्याची गोष्ट रचली. डोकं वापरलेला करमणूकपट. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

जास्त मागावं असा चित्रपट म्हणजे त्यागराजन कुमारराजाचा ‘सुपर डिलक्स’ (२९ मार्च २०१९). पावणेतीन तासांहून लांब, चार धागे, चार लेखक. त्यातला एक धागा ‘दशावतारम’ला दिलेलं उत्तर वाटतो. अर्पुदम या माणसाला त्सुनामीने ओढून नेलं, तेव्हा त्याने कशाला तरी मिठी मारली आणि तो वाचला. ती निघाली मूर्ती. मग तो तिचा भक्त झाला, लोकांना बरं करू लागला. आता पोटच्या मुलाच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घुसलाय आणि बाप त्याला इस्पितळाऐवजी मूर्तीपुढे नेतोय. समुद्र तोच, मूर्ती तीच. पण कमल हासनच्या चित्रपटात मूर्ती जगाला वाचवायला वर येते. इथे ती योगायोगाने हाताला लागलेली वस्तू आहे, आणि तिच्यावर उभारलेली श्रद्धा आता एक पोर मारू पाहते आहे. वाचलेला माणूस विचारतो, मीच का? या प्रश्नाचं उत्तर केऑसकडे नाही. ‘उगीच’ हे उत्तर कुणाला पचत नाही, म्हणून अर्पुदमला देव लागतो. मिश्किनने हा माणूस घशातून ओरडत, भिंतीवर डोकं आपटत उभा केला आहे. मला तो विजय सेतुपतीने केलेल्या शिल्पा या पात्राहून जास्त आठवतो. राष्ट्रीय पुरस्कार सेतुपतीला मिळाला, आणि तोही योग्यच.

पण शेवटाकडे कुमारराजाचा धीर सुटतो. मूर्ती फुटते आणि आतून हिरे सांडतात. इस्पितळाचा खर्च निघतो. दुसऱ्या धाग्यातला नराधम पोलिस अधिकारी मोक्याच्या क्षणी वरून पडलेल्या टीव्हीखाली मरतो. पावणेतीन तास ‘चांगलं-वाईट हे नुसतं आपण ठरवतो’ असं सांगणाऱ्या चित्रपटाने शेवटी वाइटाच्या डोक्यात टीव्ही घालायचा? थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. बाहेर येऊन चहा घेताना वाटलं, सटवाई आली होती आणि तिने दिग्दर्शकाचा हात धरला.

मराठीत फुलपाखराचं नाव घेणारा चित्रपट मला आठवत नाही. दोन्ही भाषांमधला पूल एकच दिसतो: निशिकांत कामतने २००५च्या ‘डोंबिवली फास्ट’चा २००७मध्ये माधवनला घेऊन ‘एवनो ओरुवन’ केला. बाटलीच्या छापील किमतीवर दुकानदाराने मागितलेले चार जास्तीचे पैसे, आणि त्यातून फिरलेलं एका बँक कर्मचाऱ्याचं डोकं. पण तिथे कारण बाटली नसतं, साचलेला संताप असतो. बाटली नसती तर दुसरं काही सापडलं असतं. केऑसमध्ये हे ‘दुसरं काही’ चालत नाही.

ते जिथे चालत नाही असा चित्रपट म्हणजे उमेश कुलकर्णीचा ‘देऊळ’ (२०११). करडी नावाच्या गाईमागे गेलेला केशा दुपारी झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. तो ते कुणाला तरी सांगतो. बस्स. त्यानंतर पाटी, वर्गणी, राजकारण, नारळ-फुलांची दुकानं, भजनाच्या सीडी, रद्द झालेलं इस्पितळ, सगळं मंगरूळ गाव उलटंपालटं. गिरीश कुलकर्णीच्या पटकथेत लबाड माणसं आहेत, पण सूत्रधार नाही. प्रत्येक जण थोडासा हात लावतो आणि चूक दुप्पट होते, पुन्हा दुप्पट होते. लॉरेंझच्या छापील कागदावरची तीन स्थळं म्हणजे केशाची डुलकी. तो गाढ झोपला असता, किंवा गाय लवकर सापडली असती, तर गावाला दवाखाना मिळाला असता. हा चित्रपट मंदिर-बाजारावरचं व्यंग्य म्हणून वाखाणला गेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते ठीकच. पण लहान कारणातून मोठं अनियंत्रित काही कसं वाढतं याची इतकी नेमकी यंत्ररचना मी भारतीय पडद्यावर दुसरी पाहिलेली नाही. शेवटी केशा मूर्ती उचलून नदीवर नेतो. चिदंबरमचा नंबी मूर्तीबरोबर बुडाला. केशा देवालाच मोकळं करायला जातो. देऊळ मात्र थांबत नाही. सुरुवातीच्या अटी पुसल्या म्हणून वादळ परत फिरत नसतं.

अंबत्तूरला परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) दाखवायची माझी फार इच्छा आहे, आणि ती निव्वळ सायकलीपायी. पंढरपूरचा ज्ञानेश, मेलेल्या बापाने बनवून दिलेली एलिझाबेथ नावाची सायकल, कार्तिकी एकादशीची गर्दी आणि घरावर कर्ज. या पोराच्या लेखी न्यूटनही संतच. गती आणि भक्ती यांत भांडण असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या फोरमनला तो पाच मिनिटांत कळेल.

आणि मग ‘दिठी’. सुमित्रा भावेंचा शेवटचा चित्रपट. १९ एप्रिल २०२१ला त्या गेल्या आणि महिन्याभराने तो घरबसल्या पाहायला मिळाला. कथा दि. बा. मोकाशींची, ‘आता अमोद सुनासि आले’. रामजी लोहार आहे आणि वारकरी. कर्ता मुलगा नदीच्या पुरात वाहून गेला. घरात सून बाळंत झाली आहे, मुलगी झाली आहे, आणि म्हाताऱ्याच्या मनात त्या तान्ह्या जिवावर दोष ठेवायला जागा तयार होते आहे: ही आली आणि तो गेला. फुलपाखराची गोष्ट आपण अशीच रचतो, मागून पुढे, आणि सुई नेहमी सर्वांत दुबळ्यावर जाऊन थांबते. मग एका पावसाळी रात्री गावातली गाय अडते आणि हात घालून वासरू सोडवायला रामजीला बोलावतात.

याच्या शेजारी मी कायम कीश्लोव्स्कीच्या ‘डेकालॉग’मधला पहिला भाग (१९८८) ठेवतो. तिथेही पाणी आणि मुलगा. बाप प्राध्यापक आहे. तळ्यावरचा बर्फ मुलाचं वजन पेलेल का हे तो संगणकावर काढतो, उत्तर ‘हो’ येतं, आणि बर्फ फुटतो. बाप चर्चमध्ये जाऊन वेदी उलथवतो. मेणबत्तीचं मेण मेरीच्या चित्रावर ओघळतं आणि अश्रूंसारखं दिसतं. कीश्लोव्स्की तिथे खूण ठेवतो: बघा, कुणीतरी रडतंय. भावे खूण ठेवत नाहीत. किशोर कदमचे खांद्यापर्यंत माखलेले हात, ओली माती, कंदिलाचा उजेड आणि शेवटी उभं राहू पाहणारं वासरू. मुलगा का गेला याचं उत्तर नाही. वासरू म्हणजे मुलाची भरपाई, असंही कुणी म्हणत नाही. लोहाराला फक्त एक काम येतं आणि ते त्या रात्री लागतं. ‘दहा मायक्रॉन माझ्या हातात’ या वाक्याचा अर्थ मला त्या गोठ्यात लागला. श्रद्धा म्हणजे लिखाण वाचता येणं, असं तमिळ चित्रपटांनी धरलं होतं. इथे कपाळ कोरं आहे आणि हात चालू आहेत.

पण मराठीने पाठ थोपटून घेऊ नये. ‘दिठी’ आणि ‘देऊळ’ हे सोडले तर आपल्याकडे श्रद्धा म्हणजे वारीची विहंगम दृश्यं आणि टाळमृदंग, आणि योगायोग म्हणजे विनोदी गोंधळ. खरं तर या विषयातली आपली मोठी कथा पडद्याबाहेरच लिहून झाली आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. गोळी थोडी सरकली आणि हिंदुस्थानचा नकाशा बदलला. तिथे कोणी शापित नाही, कोणी अवतारी नाही. २०१९मध्ये हिंदीत ‘पानिपत’ आला, फेटे, तोफा, निष्ठा सगळं घेऊन, पण गोळी थोडी सरकली असती तर हा प्रश्न त्याला पडलाच नाही. हरलेली लढाई दैवाची म्हटली की शौर्य शाबूत राहतं. ती वाऱ्याच्या झुळकीची म्हटली तर शौर्याचं काय करायचं? ते उत्तर अवघड आहे, म्हणून निर्मातेही तिथे फिरकत नाहीत.

दुसरी न झालेली गोष्ट मला जास्त छळते. २६ डिसेंबर २००४ ही मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. पुढच्या पौर्णिमेला, २५ जानेवारी २००५ला, वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईची यात्रा भरली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, पुढची माणसं घसरली, मागचा लोंढा थांबला नाही, चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली. सुमारे तीनशे माणसं गेली. भक्तीच्याच पाण्यावरून भक्तांचा पाय घसरला. यात सूत्रधार नाही, विषाणू नाही, आणि अरुंद वाट व बंदोबस्ताचा अभाव सोडला तर खलनायकही नाही. यावर चित्रपट करायचा तर पहिला नारळ फोडणारी बाई दाखवावी लागेल. ती नवस फेडायला आलेली असेल, पोर बरं झालं म्हणून. तिने काहीच चुकीचं केलं नाही, आणि हे शेवटपर्यंत सांभाळणारा, तिला ना पापी ठरवणारा ना निमित्तमात्र म्हणून सोडणारा दिग्दर्शक मराठीत आहे का? भावे करू शकल्या असत्या.

आयुधपूजेच्या आधी चेन्नईचे पोलिस दरवर्षी विनंती करतात की कोहळे रस्त्यावर फोडू नका, गरावरून दुचाक्या घसरतात. दरवर्षी कोहळे फुटतात. गेल्या खेपेला रात्री उशिरा निघालो तर आमच्या फाटकाशी दिवा होता आणि फोरमन एकटाच खराट्याने गर गटारीकडे लोटत होता. वर मूठमूठ राख टाकत होता, पायाने दाबून बघत होता. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात वळणावरून तिघं पोरं एका स्कूटरवर, बिनहेल्मेटची, गात गात आली आणि त्या राखेवरून सरळ निघून गेली.